अकरा दिवसांनी ज्येष्ठ

मी एक जुनी लिहिण्याची पेटी आहे. चेरीच्या लाकडाची, पितळी बिजागऱ्यांची, उतरत्या झाकणाची. झाकणावर कागद ठेवून लिहायचे. ते उचलले की आत शाईची बाटली, पिसांच्या लेखण्या, शाई टिपायच्या वाळूची डबी, आणि बाजूंना दोन खण. मित्रांनो, माझ्या पाठीवर चांगले लिहिले गेले तसे वाईटही लिहिले गेले, आणि दोन्ही वेळा मी सारखीच गप्प बसले. पेटीने गप्पच बसायचे असते. पण ज्यांची भीड धरायची ती माणसे आता राहिली नाहीत. तेव्हा सांगून टाकते.

माझा जन्म अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या हॅरोफिल्ड गावचा. ओबादाया नावाच्या सुताराने मला घडवले. तो गावासाठी पाळणे करायचा आणि शवपेट्याही करायचा, आणि दोन्ही कामांना शीळ एकच घालायचा. वादळात पडलेल्या एका चेरीच्या झाडाचे लाकूड जेरुशा विंचेल यांनी त्याच्याकडे आणून टाकले. त्यांचे पती असाहेल विंचेल इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढायला निघाले होते.

"झाकण भक्कम कर," जेरुशाबाईंनी ओबादायाला बजावले. "यांचा हात जड आहे."

आणि निघायच्या दिवशी मला नवऱ्याच्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, आता कागद नव्हता, टेबल नव्हतं, असली कारणं मी ऐकायची नाही. दर पंधरा दिवसांनी पत्र आलं पाहिजे. लांबलचक नको. जिवंत आहे एवढं कळलं तरी पुरे."

सात वर्षे मी त्यांच्याबरोबर हिंडले. चिखल, बर्फ, गाडीतले हादरे, सगळे सोसले. माझा मालक हळूहळू चढत कर्नल झाला. कर्नल विंचेल दिसायला काही रुबाबदार नव्हते. खांदे पुढे झुकलेले, बोलणे थोडे. पण त्यांचा एक हट्ट होता. पलटण कितीही दमलेली असो, संध्याकाळी मुक्काम पडला की जेवणाआधी छावणीभोवती चर खणायचा आणि झाडे तोडून आडवी घालायची. शत्रू वीस कोस लांब असला तरी खणायचे. पाऊस पडत असला तरी खणायचे.

शिपाई काय काय बोलत ते तंबूच्या कापडाआडून मला ऐकू येई.

"आपण लढायला आलोय का शेती करायला?"

"कर्नलसाहेबांना बटाटे लावायचेत रे. खण मुकाट्याने."

त्यांनी कर्नलचे नाव कुदळ्या कर्नल ठेवले होते. कर्नलना ते ठाऊक होते. एकदा तंबूतून डोके बाहेर काढून ते म्हणाले, "घाला, शिव्या घाला. उद्या सकाळी मोजून घेतो, शिव्या घालणारे सगळे शिल्लक आहेत ना ते." शिपाई हसले आणि खणत राहिले.

शेजारच्या पलटणीचे कर्नल जेबेझ पेल्टन. उंचेपुरे, हसरे, घोड्यावर बसले की बघत राहावे असे. शूर होते, यात शंका नाही. ते आमच्या चराच्या काठावर घोडा उभा करून म्हणत, "विंचेल, माझी माणसं लढून दमतात, खणून नाही." एका पहाटे शत्रूने त्यांच्या झोपलेल्या छावणीवर घाला घातला. वाचलेले शिपाई अनवाणी पळत आमच्या चरात येऊन पडले. त्या दिवशी कर्नलनी पेल्टनना एका शब्दाने टोचले नाही. आपल्या ताटलीतले उकडलेले वाल त्यांच्यापुढे सरकवले. माझ्या मालकाचा मला अभिमान वाटावा असे जे थोडे दिवस होते, त्यातला तो एक.

मेलेल्या शिपायांच्या घरची पत्रे कर्नल स्वतः लिहीत. कारकुनाला देत नसत. अशा पत्राच्या वेळी त्यांचे कोपर माझ्यावर फार वेळ टेकलेले असे. आमच्याच गावचा र्‍यूबेन होडली छावणीत तापाने गेला, तेव्हा त्याच्या बायकोला, मेहिटाबेलला, त्यांनी लिहिले, "तुमच्या लेव्हीची काळजी करू नका. तो मोठा होईल तेव्हा मी त्याला माझ्या नजरेखाली ठेवीन." मेहिटाबेलला वाचता येत नव्हते. तिने ते पत्र पाद्रीबाबांकडून इतक्या वेळा वाचून घेतले की तिला पाठ झाले, असे मी पुढे ऐकले.

लढाई संपली. आम्ही घरी आलो. मला खिडकीखालच्या टेबलावर जागा मिळाली. जेरुशाबाई दर शनिवारी मला जवसाच्या तेलाने पुसत. पाहुणे येत, माझ्यावर हात फिरवून म्हणत, "हीच का ती, लढाईतली?" मी मनातल्या मनात फुगून जात असे. लेव्ही होडली वाढून चांगला धट्टाकट्टा गडी झाला आणि कर्नलच्या थँकफुल नावाच्या मुलीशी त्याचे लग्न लागले. कर्नलनी शब्द पाळला होता. लेव्ही खरोखरच त्यांच्या नजरेखाली होता.

इथे मला तुम्हाला आमच्या गावाची एक खोड सांगायला हवी. आमच्या प्रार्थनाघरात कोणी कुठेही बसत नसे. दर काही वर्षांनी गाव एक समिती नेमायचे, आणि कोणाचा मान किती, वय किती, कामगिरी किती हे तोलून ती समिती प्रत्येकाला बाक ठरवून द्यायची. एका वर्षी समितीने कर्नलना एका गिरणीवाल्याच्या मागच्या बाकावर बसवले. कर्नल त्या हिवाळ्यात एकदाही प्रार्थनेला गेले नाहीत. जेरुशाबाई एकट्या जात राहिल्या. गावात कोणाला यात वावगे वाटले नाही. उलट लोक म्हणाले की बरोबर आहे, माणसाने आपली पायरी सोडू नये. फक्त जेरुशाबाई घरी येऊन म्हणाल्या, "मागच्या बाकावरूनही देवाला तुम्ही दिसला असता हो."

सैन्यात बाकांची जागा तारखांनी घेतली होती. ज्याची नेमणूक आधीची तो वरचा. दोघे एकाच हुद्द्याचे असले तर नेमणुकीच्या कागदावरची तारीख बघायची. कर्नलची तारीख होती एक जानेवारी. तो कागद माझ्या उजव्या खणात असे. घड्या फाटेपर्यंत त्यांनी तो उलगडून पाहिला होता.

सतराशे एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये तेव्हाच्या राजधानीहून, फिलाडेल्फियाहून, तांबड्या लाखेचा शिक्का असलेले पत्र आले. बाहेर साखरेसाठी मेपलच्या झाडांचा रस उकळत होता. जेरुशाबाई हातातला झारा घेऊनच आत आल्या. ओहायो नदीपलीकडे तिथल्या मूळच्या लोकांशी लढाई चालू होती आणि नवे सरकार नवे सैन्य उभारत होते. ती जमीन त्या लोकांची होती. मित्रांनो, माझ्यावर लिहिलेल्या एकाही पत्रात हे आलेले नाही, म्हणून मी इथे सांगते.

"काय लिहिलंय?" जेरुशाबाईंनी विचारले.

"ब्रिगेडियर जनरल करतायत मला."

"मग तोंड का असं झालंय?"

"दुय्यम म्हणून. नव्या शिपायांना तयार करायचं आणि छावण्यांची व्यवस्था बघायची. वरती पेल्टन."

"तो हसणारा?"

"त्याची कर्नलकी बारा जानेवारीची. माझी एक तारखेची. मी त्याच्याहून अकरा दिवसांनी ज्येष्ठ आहे."

जेरुशाबाईंनी झारा टेबलावर ठेवला. माझ्यावर दोन थेंब पडले. "अकरा दिवस! अहो कर्नल, आपल्या तांबड्या गाईनं वासरू द्यायला याच्याहून जास्त उशीर केला होता."

"चेष्टा करू नकोस. मी त्याच्या हाताखाली गेलो तर त्याचा अर्थ असा होईल, की मी कुठंतरी चुकलो होतो म्हणून मला खाली बसवलं."

"मग नाही म्हणा. मी सुखाने तुमचे पाय शेकत बसेन. खरंच सांगते, मला जनरलीणबाई व्हायचं नाही. पण नाही म्हणायचं तर आजच म्हणा आणि गावाला सांगा. तुमच्या नावावर इथली पोरं निघतील. त्यांच्या आया तुमच्याकडे बघून होकार देतील."

"मी नाही म्हणतच नाहीये, जेरुशा. मी फक्त माझी जागा मागतोय."

त्याच दुपारी त्यांनी माझ्यावर पत्र लिहिले. हात नेहमीपेक्षा जड होता. आपल्या नेमणुकीची तारीख त्यांनी पहिल्याच ओळीत घातली. अकरा दिवसांचा फरक दुसऱ्या ओळीत आला. पेल्टनच्या वरची जागा मिळत असेल तर मी तयार आहे, नाहीतर माझ्या मानाला धरून मला हे पद घेता येणार नाही, असे ते पत्र होते. सैन्यातल्या सवयीप्रमाणे लाख लावण्याआधी त्यांनी त्याची हुबेहूब नक्कल केली आणि माझ्या डाव्या खणात ठेवली. गावात त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. पण नेमणुकीची बातमी टपाल आणणाऱ्याकडून सगळीकडे झाली होती. रस्त्यात लोक त्यांना जनरल म्हणू लागले, आणि त्यांनी कोणाला थांबवले नाही.

मे महिन्यात कवायतीचा दिवस आला. त्या दिवशी गावातली सगळी पुरुषमंडळी मैदानात जमून कवायत करत, आणि कवायतीपेक्षा रम आणि आल्याचा केक यांचाच बोलबाला जास्त असे. दुसऱ्या गावचा एक कॅप्टन सहा महिन्यांच्या भरतीसाठी आला होता. त्याच्याकडे कागद होता, ढोलवाला होता, पण लिहायला टेबल नव्हते. कर्नल स्वतः घरात आले आणि त्यांनी मला उचलले. मैदानात त्यांनी मला एका पिंपावर ठेवले. डाव्या खणातली नक्कल त्यांनी काढून घेतली नाही. मला वाटते, त्यांना तिची आठवणही नव्हती. पत्राला उत्तर आपल्या मनासारखे येणार, याची त्यांना पक्की खात्री होती.

सव्वीस जणांनी माझ्यावर सही केली. काहींनी नुसती फुली काढली.

"कुदळ्या कर्नल असल्यावर काय भ्यायचं?" एक जण म्हणाला. "माझा बाप सात वर्षं त्यांच्याबरोबर होता. परत आला तो फक्त तळहाताला घट्टे घेऊन."

लेव्ही रांगेत पाचवा होता. सही करता करता मोठ्याने म्हणाला, "सासरेबुवा, बंदूक सरकार देतंय. कुदळ मी घरूनच नेतो म्हणतो." सगळे खो खो हसले. कर्नलही हसले.

मग मेहिटाबेल होडली पुढे आली. एकच मुलगा. तिने कर्नलकडे सरळ पाहून विचारले, "लेव्ही सही करतोय ती तुमच्याकडे बघून. तुम्ही असणार ना?"

कर्नलनी ढोलाकडे पाहिले. "सरकारशी पत्रव्यवहार चालू आहे, होडलीबाई. ठरलं की कळवीनच."

"पत्रव्यवहार म्हणजे ठरलंच की," मेहिटाबेल म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. "मोठ्या माणसांचं सगळं पत्रानंच चालतं."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडले असते. माझ्या पोटात त्यांची अट होती आणि पाठीवर पोरांच्या सह्या पडत होत्या. माझे झाकण उचलून डावा खण कोणीही उघडला असता तरी चालले असते. कोणी उघडला नाही.

जूनच्या सुरुवातीला सव्वीस जण ढोलाच्या तालावर गावाबाहेर पडले. कर्नल वेशीपर्यंत गेले आणि "पुढे व्हा, मी मागून येतोच" असे त्यांना म्हणाले. हे मला थँकफुलच्या बोलण्यातून कळले. तिला त्या वाक्याचे फार कौतुक होते.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. ते सभ्य होते आणि स्पष्ट होते. क्रम ठरला आहे, बदलता येणार नाही, आहे ते पद आपण स्वीकारता की नाही ते उलट टपाली कळवावे.

"जा," जेरुशाबाई म्हणाल्या. या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "अहो, पोरं पुढे गेलीत. मार्चमध्ये नाही म्हणाला असतात तर मी साखर वाटली असती. आता तुम्हाला नाही म्हणायची सोय राहिली नाही."

"मी पेल्टनला सलाम करू?"

"करा. हात काही झिजत नाही."

"तुला कळायचं नाही. आज मी हे गिळलं तर माझ्या सात वर्षांना काही अर्थच राहत नाही."

"आणि लेव्हीला दिलेल्या शब्दाला?"

कर्नलनी माझे झाकण उचलून लेखणी काढली. जेरुशाबाई बाहेर निघून गेल्या. मागे मी आणि ते दोघेच उरलो. त्यांनी लेखणीचे टोक तासले आणि नकाराचे पत्र लिहिले. त्यात ना पेल्टन होता ना एक जानेवारी. "प्रकृतीचे अस्वास्थ्य आणि कुटुंबाच्या जबाबदाऱ्या यांमुळे हा बहुमान स्वीकारण्यास मी असमर्थ आहे." त्या काळी मानी अधिकारी असेच लिहीत. लिहिणाराही खरे काय ते जाणून असे आणि वाचणाराही. पण आमच्या गावातल्या साध्या माणसांना ही रीत कुठून माहीत असणार? तेच कारण गावात पसरले, आणि त्यांना वाटले, कर्नल खरोखरच आजारी आहेत.

आणि मग कर्नलना आजारी पडणे भाग पडले. नऊ दिवस ते अंथरुणात राहिले. थँकफुल रोज कोंबडीचा रस्सा घेऊन यायची. आतल्या खोलीतून तिचा आवाज माझ्यापर्यंत येई.

"बाबा, छातीत दुखतं का?"

"थोडं."

"बोलू नका मग. लेव्हीला मी कळवते, तुम्हाला बरं नाही म्हणून. नाहीतर तो वाट बघत बसेल."

तिने ते माझ्यावरच लिहिले. तिचा हात हलका होता. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

सप्टेंबरात लेव्हीचे पत्र आले. थँकफुलने ते जेवणाच्या टेबलाशी मोठ्याने वाचले. "बाबांना सांग, काळजी करू नका, आधी बरे व्हा. जनरल पेल्टन आम्हाला मुळीच खणायला लावत नाहीत. हात मजेत आहेत, पण आपल्या गावच्या कोणालाच नीट झोप लागत नाही. चराच्या गोष्टी ऐकतच वाढलो ना." कर्नलनी मक्याच्या लापशीचे ताट अर्धे सोडले. नंतर त्यांनी मला उघडले आणि पेल्टनना लिहायला घेतले. "एक जुना सहकारी म्हणून सुचवतो" इथपर्यंत आले आणि थांबले. कागद फाडून चुलीत टाकला. पुन्हा घेतला, पुन्हा फाडला. शेवटी त्यांनी लेव्हीलाच लिहिले, की कोणी सांगो न सांगो, तू खण. ते पत्र टपालात पडले तेव्हा ओहायोच्या वाटा पावसाने बंद झाल्या होत्या.

डिसेंबरात, भरती झालेल्यांपैकी एमस टटल परत आला. सव्वीसातले चार जण वाचले होते. गावाच्या अलीकडे पहिले घर विंचेलांचे, म्हणून तो आधी इथेच आला. उजव्या हाताची दोन बोटे थंडीने गळाली होती, त्यावर चिंधी बांधलेली. जेरुशाबाईंनी त्याला चुलीशी बसवले आणि सफरचंदाचे गरम सायडर दिले. थँकफुल दाराच्या चौकटीला धरून उभी होती. त्याने तिच्याकडे एकदा पाहिले, आणि तिला कळले.

"सांग," ती म्हणाली. "सगळं सांग."

"संध्याकाळी मुक्काम पडला," एमस म्हणाला. "बर्फ भुरभुरत होतं. हुकूम आला की तंबू ठोका, जेवा, झोपा. लेव्ही म्हणाला, आणि चर? कोणी काही बोलेना. मग त्यानं आपणच खणायला घेतलं. आम्ही गावचे सात-आठ जण लागलो. एक अधिकारी आला, म्हणाला, हा कुणाचा हुकूम? लेव्ही म्हणाला, माझ्या सासऱ्यांचा. ते सगळे पोट धरून हसले. अधिकारी म्हणाला, मग कुठायत तुझे सासरे? लेव्ही म्हणाला, आजारी आहेत, नाहीतर आले असते."

चुलीतले लाकूड तडकले.

"कुदळी काढून घेतल्या आमच्या. चर गुडघ्याएवढा झाला होता. पहाटे ते लोक तिन्ही बाजूंनी आले. आम्हाला तर बंदुका सापडेपर्यंत... लेव्ही त्या अर्ध्या चरातच होता. बाकीचे जिथं झोपले होते तिथंच." एमसने सायडरचा घोट घेतला आणि कर्नलकडे वळला. त्याच्या आवाजात खोच नव्हती. तो अगदी मनापासून विचारत होता. "तुमची तब्येत आता बरी आहे ना, कर्नलसाहेब?"

कर्नल उठून बाहेर गेले. अंगात कोट नव्हता.

चार दिवसांनी थँकफुलला लेव्हीच्या मावशीला पत्र लिहायचे होते. ती माझ्यापाशी बसली. वरचे कागद संपले होते म्हणून तिने डावा खण ओढला. वडिलांचे अक्षर दिसले म्हणून तिने वाचले. एकदा वाचले, मग तारीख पाहिली, मग पुन्हा वाचले. कर्नल लाकडे घेऊन आत आले.

"बाबा, हे मार्चमधलं आहे."

त्यांनी लाकडे खाली ठेवली. "हो."

"लेव्हीनं सही मेमध्ये केली."

"हो."

"याच पेटीवर केली."

"मला वाटलं होतं, ते माझं ऐकतील. मग मी गेलोच असतो, थँकफुल. शपथेवर सांगतो, गेलो असतो."

"आणि छातीत दुखत होतं ते?"

"छातीत काही नव्हतं," कर्नल म्हणाले.

थँकफुल रडली नाही. तिने कागदाची घडी घातली, शाल घेतली आणि बाहेर पडली. ती सासूकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहिटाबेल आली. जेरुशाबाईंनी खुर्ची पुढे केली, तिने ती हाताने बाजूला केली. तिच्या मुठीत तोच कागद होता. तिला तो वाचता येत नव्हता, पण सुनेने वाचून दाखवला होता, आणि पूर्वीच्या पत्रासारखा हाही तिला पाठ झाला असणार.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली. "मैदानात मी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही जाणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"जाणार नाही असं नव्हतं. जाईन की नाही ते ठरलं नव्हतं."

"हे ठाऊक होतं?"

"हो," कर्नल म्हणाले.

मला वाटले, ती आता शिव्या घालील, छाती पिटील. जेरुशाबाईंनाही तसेच वाटले असावे, कारण त्या पुढे झाल्या. पण मेहिटाबेल शांत होती.

"म्हणजे तुम्ही आजारी नव्हता तर."

"नव्हतो."

"बरं झालं," ती म्हणाली. "माझा लेव्ही तुमच्या तब्येतीची काळजी करत मेला. देव तुम्हाला भरपूर आयुष्य देवो, कर्नल. मुळीच आजारी पडू नका. बावीस घरांतल्या आम्ही आहोत गावात, आया आणि बायका. आम्हीही कुठं जात नाही. रोज दिसत राहू तुम्हाला."

तिने कागद माझ्यावर ठेवला आणि ती निघून गेली.

त्यानंतर कर्नलनी माझ्यावर एक अक्षर लिहिले नाही. बावीस घरी पत्रे जायला हवी होती. ती जेरुशाबाईंनी लिहिली. एकेका पत्रात त्यांनी खरे कारण लिहिले, एकातही वळसा घातला नाही. काम झाल्यावर त्यांनी मला माळ्यावर नेऊन ठेवले. तेल लावणारे कोणी उरले नाही. शाई वाळली, एक बिजागरी निखळली, उंदरांनी उजव्या खणातली नेमणूक तारखेसकट कुरतडली. पुढे कोणीतरी माझ्यात वालाचे बियाणे भरून ठेवले. ते अजून आहे. उगवण्याच्या पलीकडे गेलेले.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणते, मला पुसा, मला जपा. मी तसे म्हणणार नाही. माझ्या लाकडाचे काय व्हायचे ते होवो. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या मनात जायचे नसेल तर खुशाल नाही म्हणा, त्यात काही कमीपणा नाही. पण तुमच्या भरवशावर कोणी पुढे पाऊल टाकत असेल, तर तुमची अडचण, तुमची अट, तुमचा रुसवा, जे काय असेल ते, त्याला आधी सांगा. त्याच्या तोंडावर सांगा. आपले पुढे कसेतरी जमेल म्हणून ढोलाकडे बघत उभे राहू नका. जपायचे असेल तर त्या माणसाला जपा.

राहिले कर्नल विंचेल. ते आणखी चोवीस वर्षे जगले. रोज सकाळी गावातून चालत जात, आणि त्यांना कधी साधा खोकलाही झाला नाही.